वेगही हवा, तोलही हवा

गणेशपुरीच्या उष्ण कुंडातील पाण्याने काठोकाठ भरलेले घंगाळ दूरवर न्यायचे असेल, तर दोन संकटे संभवतात. सावकाश चालावे तर पाणी निवते. घाई करावी तर ते हिंदकळून सांडते. क्वांटम संगणक घडविणाऱ्या शास्त्रज्ञांपुढील पेच काहीसा असाच आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. ६००३.६५ कोटी रुपयांच्या या योजनेत आठ वर्षांत ५० ते १००० क्यूबिटचे संगणक उभारण्याचे उद्दिष्ट आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्यातील डीआरडीओची प्रयोगशाळा यांनी टीसीएसच्या सहभागाने सहा क्यूबिटच्या अतिवाहक प्रोसेसरची चाचणी २०२४ मध्ये पूर्ण केली. साहजिकच चर्चा होते ती क्यूबिटच्या संख्येची. मात्र नुसत्या संख्येने काम भागत नाही.

अनेक क्यूबिटना एकत्रितपणे एका इष्ट अवस्थेत न्यावे लागते. बदल पुरेसा संथ असेल तर प्रणाली आपली ऊर्जापातळी सोडत नाही, हे बॉर्न आणि फॉक यांनी १९२८ मध्येच दाखविले होते. परंतु अतिवाहक क्यूबिटची नाजूक अवस्था सहसा सेकंदाचा हजारावा भागही टिकत नाही. म्हणून वेग अपरिहार्य ठरतो. घंगाळ नेणारा जाणता माणूस गती वाढविताना भांडे किंचित कलते धरतो. त्याचप्रमाणे क्यूबिटवर जादा नियंत्रण लादून वेगामुळे होणारी चूक जागीच खोडता येते. डेमिरप्लाक व राइस यांनी २००३ मध्ये आणि मायकेल बेरी यांनी २००९ मध्ये याचे गणित मांडले.

खरी अडचण कणांची संख्या वाढल्यावर येते. ५० क्यूबिटची अवस्था पूर्णपणे लिहिण्यास सुमारे ११२६ लाख कोटी संख्या लागतात. शिवाय अचूक दुरुस्तीसाठी दूरदूरच्या क्यूबिटवर एकाच वेळी नियंत्रण हवे. ते प्रत्यक्षात जवळजवळ अशक्य असते. सेल्स व पोल्कोव्हनिकोव्ह यांनी २०१७ मध्ये शेजारच्या कणांपुरते, अंदाजे पण उपयुक्त नियंत्रण शोधण्याची पद्धत सुचविली.

या सैद्धांतिक संशोधनास महागडी शीतयंत्रे लागत नाहीत. गणित, भौतिकशास्त्र आणि साधे संगणक पुरतात. मिशनची चार मुख्य केंद्रे बेंगळुरू, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली येथे आहेत. परंतु हे काम जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांतही होऊ शकते. यंत्रांसाठी कोटींची तरतूद करताना ती तोलून चालविणारी माणसे घडविण्याकडे दुर्लक्ष झाले, तर क्यूबिट वाढतील, पण घंगाळ मुक्कामी रितेच पोहोचेल.