अपस्मार आणि रात्रीचा श्वास

पेन स्टेट विद्यापीठाच्या आश्रयाने वसलेल्या स्टेट कॉलेज या गावी ब्रूस ग्लकमन व त्यांचे सहकारी यांनी, मेंदूच्या हिवतापातून वाचलेल्या उंदरांपैकी अनेकांना पुढे अपस्मार जडतो आणि त्यांतील काही अकस्मात मरण पावतात, असे २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले. गडचिरोलीच्या अरण्यातून हिवताप अद्याप हटलेला नसताना, महाराष्ट्रातून येथे येऊन राहिलेल्या आम्हा मंडळींना हे संशोधन परके वाटण्याचे कारण नाही.

अपस्माराच्या सुमारे हजार प्रौढ रुग्णांमागे दरसाल एकास असा अकल्पित मृत्यू येतो, तो बहुधा रात्री, आणि पुष्कळदा रुग्ण पालथा निजलेला असताना. रुग्णालयातील यंत्रांच्या नजरेखाली घडलेल्या अशा मृत्यूंचा जो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला, त्यात सर्वांगाच्या झटक्यानंतर श्वास प्रथम जलद होतो, मग मंदावतो, थांबतो आणि अखेर हृदयही थांबते, असा क्रम आढळला. मस्तिष्कस्तंभातील सेरोटोनिन स्रवणाऱ्या पेशी रक्तात कर्बवायू वाढल्याची खबर घेऊन श्वासाला चालना देतात व निजलेल्या माणसाला जागे करतात; झटक्याने त्याच पेशी निस्तेज होत असाव्यात, असे संशोधकांचे अनुमान आहे. उशीत तोंड खुपसलेला निरोगी मनुष्य गुदमरताच कूस बदलतो, पण झटक्यानंतर ग्लानीत पडलेल्याला तेवढेही भान नसते. ज्यांचा श्वास झटक्यात थांबला नाही, त्यांच्या रक्तात नंतर सेरोटोनिन अधिक आढळल्याचे २०१९ च्या एका अभ्यासात दिसले; मात्र रक्तातले माप म्हणजे मेंदूतले माप नव्हे, म्हणून त्या भरवशावर कोणी आपल्या मनाने सेरोटोनिन वाढवणारे औषध घेऊ नये.

हे ज्ञान रुग्णाच्या उशापर्यंत पोहोचत नाही, याचे मला अतिशय दुःख होते, कारण आपल्याकडे ‘फिट येते’ ही गोष्ट कुटुंबाच्या चार भिंतींबाहेर जाऊ न देण्याचीच शिकस्त होते. भारतातील विवाहाच्या कायद्यातून अपस्मार नसण्याची अट १९९९ साली काढून टाकण्यात आली, तरी स्थळे पाहणाऱ्यांच्या मनातून ती गेलेली नाही. आणि येथे पेनसिल्व्हेनियात डॉक्टरांना अशा रुग्णाची माहिती सरकारदरबारी कळवणे बंधनकारक असून, साधारणतः सहा महिने झटक्याविना गेल्याशिवाय मोटार चालवण्याचा परवाना परत मिळत नाही, म्हणून भीतीला आणखी एक सबब मिळते. बसगाड्या असलेल्या या गावात त्या भीतीपायी आजार लपवणे निरर्थक आहे. येथे शिकायला आलेल्या मुलामुलींनी निदान खोलीतल्या सोबत्याला सर्व सांगून ठेवावे: झटका आल्यास तोंडात काही घालू नये, कांदा वा चप्पल हुंगवू नये, शक्य होताच एका कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे, पाच मिनिटे उलटली किंवा नंतर श्वास नीट चालेना, तर ९११ लावावा.

गोळी चुकल्याने झटका येऊ शकतो, आणि झटका आला म्हणजे श्वासाला धोका, हा संबंध डॉक्टरांनीही चिठ्ठी लिहितानाच घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगावा. ‘घाबरतील’ या सबबीवर मौन धरण्याचा अधिकार पुण्यातल्या वैद्यालाही नाही आणि इथल्यालाही नाही. कारण जे कुटुंब रात्री मुलाच्या खोलीचे दार लोटून एकदा पाहून येऊ शकले असते, त्याला ते पाहण्याचे कारणच कोणी सांगितलेले नसते.