ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर

लाडक्या बहिणींच्या यादीत १४ हजारांवर पुरुष निघाले, हे २०२५ च्या जुलैत उघड झालं. त्याआधी जूनपासून २६ लाखांवर नावांचे पैसे थांबवले होते. वर्तमानपत्रांना चघळायला विषय मिळाला. पण मैत्रिणींनो, यादीत घुसलेल्यांची मोजदाद झाली. जिचं नाव यादीत आलंच नाही, तिची कोण करणार?

आमच्या धाराशिव जिल्ह्यात काम करताना मला ही बाहेर राहिलेलीच जास्त भेटते. बहुतेक वेळा ती टाकलेली असते. नवऱ्यानं दुसरी केलेली, कोर्टाची पायरी न चढलेली, भावाच्या दारात राहणारी.

हिच्यासाठी १९८० पासून संजय गांधी निराधार योजना आहे म्हणतात. त्यात विधवा आहे, घटस्फोटिता आहे. नुसती टाकलेली असेल तर मात्र कागद काढ! शिवाय कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत हवं, म्हणजे दिवसाला साडेसत्तावन्न रुपये. २०१९ ला अनुदान हजार झालं, २०२३ ला दीड हजार झालं, पण विधवा-परित्यक्तांसाठीची ही मर्यादा जागची हलली नाही. २०२५-२६ साली रोजगार हमीची मजुरी होती ३१२ रुपये. म्हणजे कायद्यानं दिलेल्या शंभर दिवसांतले ६८ दिवस जिनं माती उपसली, ती सरकारच्या हिशेबात निराधार उरत नाही. मग दाखल्यावर वीस हजार लिहिले जातात. खोटं आहे हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक आणि घेणारीलाही, पण उद्या चौकशी लागली तर गुन्हेगार ती.

आणि लाडकी बहीण? २०२४ च्या जुलैत आली. तेच दीड हजार, पण उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, अन् पिवळं-केशरी रेशनकार्ड असलं तर उत्पन्नाच्या दाखल्याचीही गरज नाही. दुसऱ्या योजनेतून दीड हजार घेणारी मात्र इथे अपात्र. म्हणजे सर्वांत गरीब बाईला सर्वांत जास्त कागद आणि पैसे इतरांइतकेच. निराधार असण्याबद्दल तिला वरकड एक रुपयाही नाही. निवडणूक तोंडावर असताना दाखले सुटतात, एरवी सुटत नाहीत, एवढंच यातून कळतं.

पुढचा घाव २०२५ च्या सप्टेंबरात बसला. ई-केवायसीसाठी नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार क्रमांक आणि त्याच्या मोबाइलवर आलेला ओटीपी! ज्यानं घराबाहेर काढलं त्यालाच फोन करून आकडे मागायचे. नंतर सवलत दिली ती मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश असलेल्यांना. टाकलेलीकडे यातलं काहीच नसतं. त्यात त्याच महिन्यात भूम-परंड्यात पूर आला, घरं पाण्यात गेली. दिवाळीनंतर भूम, वाशी, कळंबच्या बाया कोयते घेऊन उसाच्या फडावर निघाल्या आणि शेवटची तारीख पडली ३१ डिसेंबर. हे वेळापत्रक बसवणाऱ्यांनी कोयत्याचा हंगाम कधी असतो, एवढं तरी विचारायचं!

एका कुटुंबातून जास्तीत जास्त दोघी, हाही नियम. भावाच्या कार्डावर आई आणि भावजय आधीच असतात. तिसरीनं हक्क मागितला की घरात भांडण, आणि त्या घरातून निघून जायला तिला दुसरं घर नाही.

परित्यक्तांची परिषद संगमनेरला १९८८ साली झाली. स्वतंत्र रेशनकार्डाची मागणी आपण किती वर्षं करतोय! टाकलेली बाई कोण, हे गावाला माहीत असतं, अंगणवाडीताईला माहीत असतं. ग्रामसभेचा ठराव आणि अंगणवाडीताईचा पंचनामा हाच पुरावा धरा. पुरुषाच्या आधारची अट काढा. २१,००० ची मर्यादा अडीच लाखांच्या बरोबरीला आणा. आणि गावातल्या मंजूर व नामंजूर अशा दोन्ही याद्या, कारणांसकट, चावडीवर लावा. आपल्या गटांनी बाहेर राहिलेल्यांची यादी गावोगाव स्वतःच करायला घ्यावी. ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्या की आम्ही भूमपासून सुरुवात करणार आहोत.