येलहंक्याची वाट



बेळगावच्या एका तरुण वाचकाचे सविस्तर पत्र आमच्यापुढे आहे. बंगळूरनजीक येलहंका येथील वायुदलाच्या तळावर ‘एरो इंडिया’ हे विमानांचे प्रदर्शन भरते. तेथे तिघा मित्रांसह मोटारीने जावयाचे आणि उडत्या विमानांची छायाचित्रे घ्यावयाची, असा त्याचा बेत आहे. १९९६ साली प्रथम भरलेले हे प्रदर्शन आता बहुधा विषम सालांच्या फेब्रुवारीत भरते. २०२५ चे पंधरावे होते. हैदराबादकडील वाचकांना बेगमपेठ विमानतळावर सम सालांत भरणारे ‘विंग्ज इंडिया’ अधिक जवळ पडेल. पुढे सांगावयाचे बरेचसे त्यांच्याही उपयोगी पडावे.

पत्रात प्रश्न दोन आहेत. दीड लाखाची लांब पल्ल्याची लेन्स हप्त्याने घ्यावी काय, आणि कोणत्या रस्त्याने जावे? परंतु आमचे लक्ष वेधले ते पत्राखाली घाईने लिहिलेल्या ओळीने. “वडिलांनाही यावयाचे आहे. ते हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये किरण विमानांच्या दुरुस्ती खात्यात पुष्कळ वर्षे होते. पण त्यांचे गुडघे दुखतात, ऊन सोसत नाही, आणि आम्हांला तर दिवसभर उभे राहावयाचे आहे. त्यांना काय सांगून थांबवावे?” या ओळीकडे मागाहून वळू. आधी लेन्स.

हप्त्याने लेन्स घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. वर्षातून एकदा, फार तर दोनदा लागणाऱ्या वस्तूसाठी संसारावर तीन वर्षांचे ओझे कशाला? बंगळूरसारख्या शहरात मोठ्या लेन्सा दिवसाच्या भाड्याने मिळतात. अनामत रक्कम व ओळखपत्र लागते. प्रदर्शनाच्या आठवड्यात मागणी वाढते, म्हणून पंधरा दिवस आधी सांगून ठेवावे. शिवाय घरी ७० ते ३०० मिलिमीटरची साधी लेन्स असेल, तर काम अडत नाही. सूर्यकिरण पथकाची नऊ विमाने एका ओळीत आली की ती २०० मिलिमीटरमध्येही कडेला टेकतात. लांब लेन्स खरोखर हवी ती एकट्या लढाऊ विमानासाठी, आणि ते इतक्या वेगाने जाते की हातास सवय नसलेल्याच्या चौकटीत बहुधा रिकामे आकाश तेवढे उरते.

तेव्हा पैशाऐवजी सवय जोडावी, आणि ती बेळगावातच जोडता येते. सकाळी दहाच्या सुमारास ऊन तापू लागले की घारी गिरक्या घेत वर चढतात. पाय रोवून उभे राहावे, कंबरेतून वळत घारीला चौकटीच्या मध्यावर धरून ठेवावे, आणि बटण दाबल्यावरही वळणे थांबवू नये. महिनाभर रोज पंधरा मिनिटे हे केले, तर येलहंक्यास पहिल्या तासात उडणारी त्रेधा चुकेल. (सांबऱ्याच्या विमानतळाच्या कुंपणाशी उभे राहून मात्र हा सराव करू नये. तेथेही वायुदलाचा तळ आहे, आणि संरक्षणस्थळांची छायाचित्रे घेणे हा १९२३ च्या सरकारी गुपितांच्या कायद्याखाली गंभीर गुन्हा ठरू शकतो. येलहंक्यासही प्रदर्शनाच्या आवारात, परवानगी असेल तेथेच कॅमेरा उघडावा. ड्रोन तर घरीच ठेवावा.)

शटरचा वेग हा दुसरा मुद्दा. झोताच्या विमानाला सेकंदाचा १/१००० भाग किंवा त्याहूनही जलद वेग लागतो. नवशिके हाच वेग पंख्याच्या विमानालाही लावतात, आणि मग पंख्याची पाती गोठून विमान हवेत टांगल्यासारखे दिसते. पंख्याच्या विमानाला १/१६० ते १/२५०, हेलिकॉप्टरला १/१२५ किंवा त्याहून मंद वेग ठेवावा. पाती फिरलेली दिसली म्हणजे चित्रात जीव येतो. मंद वेगात दहापैकी आठ चित्रे हलतील. हलू द्यावीत, यात फिल्म खर्ची पडत नाही. आकाश उजळ असल्यामुळे कॅमेरा फसतो व विमान काळे उमटवतो, म्हणून प्रकाश थोडा वाढवून घ्यावा. दुपारी धावपट्टीवरून उन्हाच्या झळा उठतात. त्या वेळी जमिनीवरचे विमान कितीही महाग लेन्सने घेतले तरी पाण्यात बुडाल्यासारखे थरथरते. ती चित्रे सकाळीच आटोपावीत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ऊन कोठून येईल. येलहंक्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. फेब्रुवारीच्या मध्यास बंगळूरला सूर्य माध्यान्हीसुद्धा दक्षिणेकडे कललेला राहतो. म्हणजे धावपट्टीच्या दक्षिणेस उभा राहील त्याच्या पाठीवर ऊन, आणि उत्तरेस उभा राहील त्याच्या डोळ्यांत. तिकीट काढताना आपले मैदान कोणत्या बाजूस पडते हे नकाशावर ताडून पाहावे. जागा उत्तरेची निघाली म्हणून हिरमुसण्याचे कारण नाही. सकाळी पश्चिमेकडच्या आकाशात असलेली विमाने टिपावीत व दुपार कलल्यावर पूर्वेकडची. त्यांच्या अंगावर ऊन चांगले पडते. समोरून जाणारी तेवढी काळी पडतील, ती सोडून द्यावी.

तिकिटांचेही तसेच. २०२५ साली पहिले तीन दिवस व्यापारी पाहुण्यांसाठी व अखेरचे दोन सर्वसाधारण जनतेसाठी होते. केवळ उड्डाणे पाहावयाच्या मैदानाचे तिकीट १००० रुपये होते, आणि त्यावर दालने व जमिनीवर मांडलेली विमाने पाहता येत नसत. ती पाहावयाची तर अधिक दाम मोजावा लागे. त्या वर्षी रशियाचे सु-५७ आणि अमेरिकेचे एफ-३५ ही दोन्ही विमाने एकाच प्रदर्शनात आली होती. ती जवळून पाहण्यास निघालेल्या कित्येकांना चुकीचे तिकीट हाती असल्याचे दारात गेल्यावर कळले असेल! तेव्हा नियम वाचूनच पैसे भरावेत.

आता रस्ता. बेळगावहून राष्ट्रीय महामार्ग ४८ धारवाड, हुबळी, हावेरी, दावणगिरी, चित्रदुर्ग, शिरा, तुमकूर असा बंगळूरला जातो. अंतर सुमारे ५०० किलोमीटर. तरुण मंडळींचा विचार रात्री जेवून निघण्याचा व पहाटे थेट मैदानात उतरण्याचा दिसतो. हा विचार सोडावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो. रात्रभर मोटार हाकलेला माणूस दिवसभर उन्हात उभा राहून संध्याकाळी पुन्हा चाकावर बसतो, तेव्हा त्याला डुलकी लागली तर इतरांना ओरडण्याचाही अवधी मिळत नाही. आदल्या दिवशी सकाळी निघावे, दुपारी चित्रदुर्गास थांबावे. मदकरी नायकाच्या किल्ल्याच्या सात तटांवर कलत्या उन्हात कॅमेऱ्याचे हातही मोकळे होतील. मुक्काम तेथे किंवा पुढे तुमकुरास करावा. तुमकूर सोडल्यावर नेलमंगलाच्या कोंडीत शिरण्याऐवजी डाबसपेठेस डावीकडे वळून दोड्डबळ्ळापूरवरून येलहंक्यास उत्तरेकडून उतरता येते. बल्लारी रस्त्याची प्रदर्शनाच्या दिवसांतील गर्दी ज्याने अनुभवली आहे, तो या वळणाबद्दल दुवा देईल.

मैदानाजवळ मोटार नेण्याचा हट्ट धरू नये. कृषी विश्वविद्यालयाच्या आवारात मोटारी ठेवून तेथून बसने जाण्याची सोय अलीकडे केली जाते, ती घ्यावी. २३ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रदर्शनाच्या वाहनतळावर वाळलेल्या गवतास आग लागून सुमारे ३०० मोटारी जळून गेल्या. तापलेली मोटार गवतावर उभी करू नये, आणि कॅमेऱ्याची दुसरी पिशवी, कागदपत्रे मोटारीत सोडून जाऊ नयेत. शिदोरीविषयी एक गंमत. २०२५ साली प्रदर्शनाच्या दिवसांत तळाभोवती १३ किलोमीटरपर्यंत मांसविक्री बंद ठेवण्यात आली होती. उकिरड्यावरच्या मांसाने घारी जमतात, आणि घार विमानाच्या यंत्रात शिरली की अनर्थ ओढवतो. आपण जिच्यावर सराव केला तीच घार! तेव्हा चपाती-भाजी बरोबर असू द्यावी. मैदानात काय नेऊ देतात हे मात्र आधी विचारून ठेवावे.

एक गोष्ट लिहावी की न लिहावी असे वाटत होते, परंतु कॅमेरा घेऊन जाणाऱ्याने तिचा विचार घरून निघतानाच केलेला बरा. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, तालीम करीत असता सूर्यकिरण पथकाची दोन हॉक विमाने आकाशात एकमेकांवर आदळली. विंग कमांडर साहिल गांधी मृत्यू पावले. दुसरे दोघे वैमानिक बाहेर उडी घेऊन वाचले. ती दृश्ये काही क्षणांत देशभर मोबाईलवरून फिरू लागली. ज्याने ती टिपली त्याला आम्ही दोष देत नाही. त्याचा कॅमेरा आधीच वर होता, आणि अशा चित्रांचा चौकशीस उपयोगही होतो. ती अधिकाऱ्यांकडे द्यावीत. परंतु मित्रमंडळींत पुढे धाडणे ही निराळी गोष्ट आहे. वैमानिकाच्या घरी कोणी कळविण्यापूर्वी ते चित्र पोहोचू शकते, आणि ते तेथे पोहोचविणाऱ्या साखळीत आपले बोट असू नये. चौघा मित्रांनी हे निघण्यापूर्वीच आपसांत ठरवून टाकावे. त्या क्षणी ठरविणे जमत नाही.

आणि आता ती पत्राखालची ओळ. वडिलांना काय सांगून थांबवावे? काहीही सांगू नये, त्यांना न्यावे.

सूर्यकिरण पथक १९९६ साली बिदरला उभे राहिले, ते किरण विमानांवर. नऊ किरण विमाने एकमेकांपासून काही हातांवर उडत, आणि २०११ साली ती प्रशिक्षणासाठी लागू लागल्यामुळे पथक थांबविण्यात आले. काही वर्षांनी ते हॉक विमानांवर पुन्हा उभे राहिले. म्हणजे ज्या विमानांच्या आधारावर या पथकाचे नाव देशभर झाले, तशा विमानांच्या दुरुस्तीत या गृहस्थांच्या आयुष्याची वर्षे गेली. नऊच्या नऊ विमाने सुखरूप उतरत, त्यात वैमानिकांच्या कौशल्याबरोबर अशा किती जणांच्या पान्ह्यांचा वाटा होता! आता हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे आणखी एक नाते सांगतो. १९४० साली बंगळूरला म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने हा कारखाना काढणारे वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. आणि आजच्या हॉक विमानांच्या रंगीत धुराची नळकांडी नाशिकच्या वायुदलाच्या दुरुस्ती आगारात तयार झाली. हे सारे त्या वडिलांना चौघा तरुणांहून कितीतरी अधिक ठाऊक असणार.

छायाचित्रकाराच्या स्वार्थानेही पाहू. ढगाआडून काय येत आहे हे नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस शेजारी असला, तर कॅमेरा अर्धा मिनिट आधी वर जातो. हे दीड लाखाच्या लेन्सनेही साधत नाही. गुडघ्यांचे म्हणाल तर घडीचे स्टूल नेता येईल काय ते चौकशी करून ठेवावे. रुंद काठाची टोपी, पाणी व नेहमीची औषधे घ्यावीत. मैदान उघडे असते, सावली मिळण्याची आशा धरू नये. उड्डाणे सहसा सकाळी एकदा व दुपारी एकदा अशी होतात. वडिलांना सकाळचीच दाखवावीत, आणि चौघांपैकी एकाने दुपारी त्यांना बसने मुक्कामावर परत न्यावे. कोणी न्यावे याची चिठ्ठी बेळगावातच टाकावी. ज्याच्या नावे निघेल त्याने दुपारच्या सत्राची हळहळ तेथे करू नये.

त्याच रात्री परत फिरू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या विमानतळाजवळ हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे संग्रहालय आहे, ते पाहावे. २००१ साली उघडलेल्या या संग्रहालयात सावली आहे, बसावयास जागा आहे, आणि कारखान्यात तयार झालेली मारुत, किरण आदी विमाने हात लावता येईल इतक्या जवळ उभी आहेत. आठवड्यातून कोणत्या दिवशी बंद असते ते विचारून घ्यावे. दहाच्या आत पोहोचले तर गर्दी नसते. तेथे लेन्स साधीच लावावी, वडिलांना किरणच्या पुढल्या चाकाशी उभे करावे, आणि ते काय दाखवीत आहेत ते आधी ऐकून घ्यावे. चित्र मग घ्यावे. तेथून जेवून बाराच्या सुमारास निघाले, तर दिवसाउजेडी चित्रदुर्ग ओलांडून दावणगिरीस मुक्कामाला पोहोचता येते.