मुलीचा मोबाईल हिसकावू नका, तिच्या पाठीशी उभे राहा!

एखाद्या मुलीच्या फोटोला अश्लील रूप देऊन तो गावभर फिरवला जातो. घरी कळताच पहिली गोष्ट काय होते? तिचा मोबाईल काढून घेतला जातो. कॉलेज बंद होते. घाईघाईने स्थळ पाहिले जाते. गुन्हेगार मोकळा आणि शिक्षा मुलीला! हा मनूचाच न्याय आहे आणि तो आपल्याही वस्तीत चालतो, हे आम्ही दुःखाने नमूद करतो.

आज शिष्यवृत्तीचा आणि परीक्षेचा अर्ज ऑनलाईनच भरावा लागतो. मोबाईल हिसकावणे म्हणजे मुलीचे शिक्षण हिसकावणे होय. हल्लेखोराला दुसरे काय हवे असते?

दलित स्त्रीवरचा हा हल्ला दुहेरी असतो. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात ९५ महिला राजकारण्यांना आलेले ट्विट ॲम्नेस्टी इंटरनॅशनल इंडियाने तपासले. उपेक्षित जातींतील महिलांना इतरांपेक्षा ५९ टक्के जास्त जातीय शिवीगाळ झाल्याचे २०२० च्या अहवालात आढळले. पुढाऱ्यांची ही गत, तर वस्तीतल्या मुलीचे काय?

कायदा आपल्या हाती आहे. अनुसूचित जाती-जमातीची आहे हे ठाऊक असताना एखाद्या स्त्रीला उद्देशून लैंगिक स्वरूपाचे शब्द वापरणे हा सवर्णासाठी ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या कलम १५-अ ने पीडितेला सामाजिक कार्यकर्ता, संस्था वा वकिलाची मदत घेण्याचा हक्क दिला आहे. म्हणजे ठाण्यात तिच्या शेजारी बसणे ही मेहरबानी नव्हे, तो तिचा हक्क आहे! मुंबईत १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांच्या यंत्रणेतच महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो याच जाणिवेतून.

कार्यकर्त्याने काय करावे? आधी मुलीवर विश्वास ठेवावा. मजकूर पुसण्याआधी स्क्रीनशॉट, लिंक, तारीख जपून ठेवावी. तो मजकूर कोणालाही पुढे पाठवू नये. ‘हद्द आमची नाही’ असे ठाण्यात सांगितले, तर झिरो एफआयआरचा आग्रह धरावा. केवळ माहिती तंत्रज्ञान कायद्यावर भागवले जात असेल, तर ॲट्रॉसिटीची कलमे लावून घ्यावीत. आणि मुलगी पुन्हा वर्गात बसेपर्यंत आपले काम संपले असे समजू नये.

आता घरचे बोलू. आपल्याच ग्रुपवर असा फोटो येतो तेव्हा किती जण पाठवणाऱ्याला जाब विचारतात? ‘जयभीम’ लिहिणारे बोट तो फोटो पुढे ढकलत असेल, तर ते बोट चळवळीचे नाही.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांच्या प्रगतीवरून समाजाची प्रगती मोजली. त्या मापाने आपण आज कुठे आहोत? प्रत्येक बुद्धविहारात दोन जाणत्या महिला आणि एक वकील यांचे पथक उभे राहिले पाहिजे. संकटात सापडलेल्या मुलीला पहिला फोन कोणाला करायचा, हे माहीत असले पाहिजे. आणि तो करायला तिच्या हातात मोबाईल असला पाहिजे!