वरठीचा जुना कागद शोधायचाय? नुसतं ‘वरठी’ शोधून भागणार नाही

२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली. मग २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरचा जीआर आला आणि ‘गॅझेटियर’ हा शब्द थेट व्हॉट्सॲप ग्रुपवर पोहोचला. पण ते गॅझेटियर मराठवाड्याच्या कामाचं. भंडारा जिल्ह्यातलं वरठी निजामाच्या राज्यात कधी नव्हतंच. मग इथल्या माणसानं पणजोबांची नोंद शोधायची कुठं?

पहिला घोळ नावाचा. मुंबई-हावडा मार्गावर वरठीला उतरलात तर पाटीवर दिसतं ‘भंडारा रोड’. शहर दहा-बारा किलोमीटर लांब, स्टेशन वरठीत, नाव मात्र शहराचं! त्यामुळे रेल्वेच्या कागदांत हे गाव भंडारा रोड म्हणूनच शोधावं लागतं. तेही एका ठिकाणी नाही. हा मार्ग आधी नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा होता, १८८७ नंतर तो बंगाल-नागपूर रेल्वेकडे गेला, म्हणजे कारभार कलकत्त्याहून. २००३ पासून मुख्यालय बिलासपूरला आहे.

दुसरा घोळ राज्याचा. १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. स्वातंत्र्यानंतर भंडारा मध्य प्रदेशात होता, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. म्हणून १९५१ च्या जनगणनेची माहिती हवी असेल तर मध्य प्रदेशची पुस्तकं चाळावी लागतात. वरठी आज मोहाडी तालुक्यात आहे, पण १९६१ मध्ये जिल्ह्यात भंडारा, गोंदिया आणि साकोली असे तीनच तहसील होते. ‘मोहाडी तालुका’ टाकून जुनं काही मिळेल ही अपेक्षाच चुकीची.

नागपूरचा अजब बंगला १८६३ पासून आहे. शिल्पं, नाणी, ताम्रपट बघायला तिथं जरूर जावं. रसेलनं संपादित केलेलं भंडारा जिल्ह्याचं १९०८ चं गॅझेटियरही वाचण्यासारखं आहे. पण त्यात जातींची वर्णनं मिळतात, तुमच्या पणजोबांचं नाव नाही.

नाव मिळतं ते साध्या, पिवळ्या पडलेल्या कागदांत. कोतवाल बुकात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. शाळेचं दाखल-खारिज रजिस्टर, बंदोबस्ताची मिसल, अधिकार अभिलेख हेही बघावेत. यातले बरेचसे तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयात असतात, तर मध्य प्रांताच्या कारभाराचे कागद नागपूरच्या पुराभिलेखागारात. गावात तळ्यावर किंवा चराईवर कुणाचा हक्क होता, हे वाजिब-उल-अर्जमध्ये लिहिलेलं असतं. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तरी तळ्याच्या पाण्यावरून भांडण लागलं की हाच कागद बाहेर निघतो.

जात पडताळणीत तर सगळा खेळ तारखेचा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्याआधीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. बारावीनंतर प्रवेशासाठी धावणाऱ्या पोराला हे जून महिन्यात कळतं, आणि तेव्हा नकलेसाठी रांग लागलेली असते.

नकलेचा अर्ज करताना गावासोबत तेव्हाचा तहसील आणि साधारण वर्ष लिहावं. इंग्रजी यादीत वरठी कधी ‘व्ही’नं, तर कधी ‘डब्ल्यू’नं असतं. दोन्ही बघावं.