ताऱ्यांच्या नावाने कुऱ्हाड नको

आमच्या परसातला कडुनिंब तोडायचे घाटते आहे, आणि त्या ठरावाला माझे नाव जोडले जात आहे. पोराला तारे बघायचा नाद, झाडाने आकाश झाकले, तेव्हा झाड काढा! कौलांवर पडणारा पाला हे खरे कारण मागे राहिले आणि माझे आकाश पुढे झाले. म्हणून हा लेखी निषेध.

झाड आड येते, हे मान्य. आपण ज्या अक्षांशावर उभे, तितकीच ध्रुवाची उंची; आमच्याकडे ती क्षितिजापासून जेमतेम १८ अंश. उत्तरेला झाड असले की ध्रुव लपणारच. पण साधे गणित करा. सपाट जमिनीवर झाडाच्या उंचीच्या तिप्पट अंतर मागे सरकले, की ध्रुव शेंड्यावर दिसू लागतो. तीस फुटी झाडाला नव्वद फुटांची चाल! कुऱ्हाडीपेक्षा पाय स्वस्त नाहीत काय?

बाकीचे तारे तर स्वतःच सरकतात. प्रत्येक तारा रोज सुमारे ४ मिनिटे आधी उगवतो. महिन्याला दोन तास. पूर्वेच्या फांदीआड आज दडलेले मृग नक्षत्र महिन्याभराने त्याच वेळी बरेच वर आलेले असते. शिवाय फाल्गुनाच्या सुमारास कडुनिंब आपली पाने आपणच गाळतो.

मग आकाश खरे झाकले कोणी? रस्त्यावरच्या उघड्या दिव्यांनी. डोळे अंधाराला नीट सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. दिव्याची एक तिरीप ती कमाई क्षणात घालवते. आमच्या परसात ती तिरीप अडवणारा एकच आहे, हा कडुनिंब! दिव्याला वरून झाकण बसवा, असा अर्ज मात्र कोणी करीत नाही.

नगरपालिकेच्या हद्दीत १९७५ च्या कायद्याने परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने तर पन्नास वर्षांच्या झाडाला वारसावृक्ष मानले आहे. पण केवळ कायद्याच्या धाकाने झाड वाचावे, यात आपले भूषण ते काय?

कौलांवर टेकलेल्या फांद्या रीतसर विचारून छाटू. पाला रोज मी झाडीन. एवढ्यावरही झाड तोडायचेच असेल, तर पाल्याच्या नावाने तोडा. ताऱ्यांच्या नावाने नको.

— द्वितीय वर्ष, कला