सुरुवात कुठून?

आसनगावहून सीएसएमटीची लोकल धरणाऱ्याकडे वेळच वेळ असतो, पण अनोळखी बँडची गाणी मोबाइल सुचवेल तशी ऐकली, तर वासिंद यायच्या आत कंटाळा येतो. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’चंच घ्या. बहुतेकांना तो ‘ब्लॅक फ्रायडे’तल्या ‘बंदे’मुळे ठाऊक. तिथून सुरुवात करू नका; ते सिनेमाच्या गरजेचं गाणं. 1993च्या पहिल्या अल्बमचाही हट्ट नको, आपण काही परीक्षेला बसलेलो नाही. 2000 सालचा ‘कंदीसा’ लावा, त्यातही आधी ‘मा रेवा’. नर्मदेचं लोकगीत आहे ते. बास गिटार वाजवणारे राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होते, आणि आपल्या नंदुरबारची नदीही तीच. तबला वाजवता वाजवता गाणारे असीम चक्रवर्ती 2009 साली गेले; त्यांची जादू या अल्बमात कळते. मग शीर्षकगीत: केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची प्रार्थना. शब्द एकही कळत नाही, काही बिघडत नाही. पुढे 1997चा, मैफलीत ध्वनिमुद्रित झालेला ‘डेझर्ट रेन’. एवढ्यावरही सुस्मित सेन यांच्या गिटारने धरून ठेवलं नाही, तर बँड खुशाल सोडून द्या.